हात नंतर, आधी पाय

वाचकाचं पत्र :

‘मी ६३ वर्षांची, नाशिकची. बँकेतून निवृत्त झाले. सध्या नातवासाठी सिंगापूरला मुलाकडे आले आहे, अजून तीन महिने इथे असेन. आमच्या बिल्डिंगखालच्या बागेत रोज सकाळी वीसेक वयस्क माणसं ताई-ची, म्हणजे तो संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करतात. बरेच दिवस मी वरून बघत होते. एकदा त्यांच्यातल्या एका बाईंनी हातानं बोलावलं, म्हणून गेले. सगळ्यांच्या मागे उभी राहून बघून बघून करायचे. पण ते वळले की माझं तोंड भलतीकडेच. पुढे काय येतं ते लक्षात राहत नाही. दोन आठवड्यांनी उजवा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी नाशिकला मागेच सांगितलं होतं की थोडी झीज आहे, पण चालणं आणि व्यायाम सोडू नका. मला लाज वाटली आणि मी जाणं बंद केलं. यजमान म्हणतात, “आपल्या योगात काय कमी आहे, म्हणून हे चिनी प्रकार?” पण मला ते बघताना इतकं बरं वाटतं की मनातून जात नाही. या वयात शिकता येईल का? गुडघ्याला सोसेल का? आणि नाशिकला गेल्यावर वर्ग मिळाला नाही, तर व्हिडिओ बघून जमेल का?’
— स. कु., सिंगापूर

ताई, नमस्कार.

शिकता येईल. गुडघ्यालाही सोसेल, पण तुम्ही ज्या पद्धतीनं सुरुवात केलीत त्या पद्धतीनं नाही. यात तुमची चूक नाही. बागेतली ती माणसं तोच क्रम वर्षानुवर्षं करत आली आहेत आणि तुम्ही थेट त्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिलात. तुम्हाला कोणी काही शिकवलंच नाही, त्यामुळे ‘मला जमत नाही’ असं म्हणायची वेळ अजून आलेलीच नाही. दोन आठवडे तुम्ही नुसते हात बघितलेत. नवीन माणूस हेच करतो, कारण डोळ्यांत भरतात ते हात. ते हळूहळू वर येणं, गोल फिरणं, तरंगल्यासारखं खाली जाणं. पण ताई-ची होतं ते पायांत. अंगाचं सगळं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश, धक्का न बसता, आपल्या ताब्यात ठेवून नेणं हा त्याचा गाभा आहे. हात त्या वजनामागून येतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : पहिला महिना क्रम पाठ करण्याच्या मागे लागू नका, फक्त पाय शिका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः ताई-ची करते. या दोन्ही बाजूंनी मला हे अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं. गाण्याच्या शिक्षकांकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी बंदिश हातात पडत नाही, आधी ‘सा’ लावून घेतात. ताई-चीतला ‘सा’ म्हणजे हे वजन नेणं. तो लागला नाही, तर सगळे हातवारे पाठ होऊनही अंगाला काही मिळत नाही, आणि गुडघा मात्र बिघडतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ किंवा भक्कम खुर्चीच्या पाठीजवळ उभ्या राहा, म्हणजे लागलाच तर आधार हाताशी असेल. पायांत खांद्यांइतकं अंतर, दोन्ही पावलं समोर, गुडघे ताठ नकोत आणि फार वाकलेलेही नकोत, नुसते सैल सोडलेले. हात कमरेवर. आता वजन हळूहळू उजव्या पायावर न्या. पूर्ण गेलं असं वाटलं की थांबा आणि डावी टाच उचलून बघा, मग डावा चवडाही. डावा पाय उचलताना धड उजवीकडे झुकलं, डोकं हललं किंवा डाव्या पायानं जमिनीला जरा रेटा द्यावा लागला, तर वजन पूर्ण गेलेलं नव्हतं. पुन्हा करा. घाई नाही. मग तसंच डावीकडे. ताई-ची शिकवणारे ‘भरलेला पाय’ आणि ‘रिकामा पाय’ असं म्हणतात. कोणत्याही क्षणी कोणता पाय भरलेला आहे आणि कोणता रिकामा, हे तुम्हाला खाली न बघता सांगता आलं पाहिजे. ऐकायला अगदी सोपं वाटतं. करून बघा, पाच मिनिटांत मांड्या भरून येतील.

चार-सहा दिवसांत हे अंगवळणी पडलं की पाऊल टाकायला शिका. उजवा पाय भरलेला, गुडघा जरासा सैल. डावा पाय रिकामा करून थोडा पुढे आणि थोडा बाहेरच्या बाजूला न्या आणि फक्त टाच टेकवा. त्यावर वजन अजिबात द्यायचं नाही. दिलं नाही हे कसं ओळखायचं? टेकवलेली टाच त्याच क्षणी परत उचलून मागे घेता आली पाहिजे. नाही आली, तर तुम्ही पायावर पडलात, पाय टाकला नाहीत. टाच मागे घेता येते अशी खात्री झाली की मग सावकाश तळवा टेकवा, वजन पुढे जाऊ द्या आणि गुडघा पायाच्या बोटांच्या वर आला की थांबा, त्यापुढे नाही. दोन्ही पावलं एका दोरीवर ठेवल्यासारखी एकामागे एक आली तर तोल जाणारच, म्हणून आडवं अंतर राखा. सुरुवातीला पावलं लहान ठेवा. मोठ्या पावलांनी काही जास्त फायदा होत नाही.

मी या एका गोष्टीवर एवढा वेळ घालवते आहे, त्याला कारण आहे. साठीनंतर माणसं पडतात ती पुष्कळदा एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. रिक्षातून उतरताना, बाथरूमचा उंबरा ओलांडताना, जिन्याची शेवटची पायरी राहिली आहे हे लक्षात न आल्यानं. पुढचं पाऊल घट्ट टेकलं आहे की नाही हे कळायच्या आतच अंगाचं वजन त्यावर गेलेलं असतं, आणि मग परत घ्यायची सोय उरत नाही. टाच टेकवून वजन राखून ठेवायची सवय लागली की तो एक क्षण आपल्या हातात येतो. ताई-चीचा तोलाशी जो संबंध सांगतात, तो यातून येतो. तो काही हवेतला दावाही नाही. अमेरिकेत ७० वर्षांवरच्या, पडण्याचा धोका जास्त असलेल्या ६७० लोकांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. ज्यांनी ताई-चीवर बेतलेला व्यायाम केला, ते नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्के कमी वेळा पडले. तोल, ताकद आणि चालणं असे मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ते कमी पडले.

आता तुमचा गुडघा. तुमचं पत्र वाचताना ‘ते वळले की माझं तोंड भलतीकडेच’ या वाक्यावर मी थांबले, कारण गुडघा दुखण्याचं कारण बहुधा त्यातच आहे. सगळे वळलेले दिसले की तुम्ही गडबडीनं वळला असणार. म्हणजे वजन उजव्या पायावर, पाऊल जमिनीला घट्ट रुतलेलं आणि वरचं अंग फिरलं. गुडघा पुढे-मागे वाकण्यासाठी आहे. थोडंफार फिरणं त्याला चालतं, पण अंगाचं पूर्ण वजन घेऊन पीळ सोसणं हे त्याचं काम नाही. वळण खुब्यातून यायला हवं. खुबा आखडलेला असेल किंवा वजन वेळेवर हललं नाही, तर तो पीळ सगळा गुडघ्यावर येतो. झीज सुरू झालेला गुडघा मग लगेच तक्रार करतो.

म्हणून वळण्याचा नियम पक्का करा : भरलेल्या पायाचं पाऊल फिरवायचं नाही. आधी वजन मागच्या पायावर घ्या, पुढच्या पायाचा चवडा थोडा उचला, पाऊल टाचेवर फिरवून हव्या त्या दिशेला टेकवा, आणि मगच त्यावर वजन न्या. मांडी, गुडघा आणि पाऊल तिन्ही एकाच दिशेला. आरशासमोर उभं राहून बघा, गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का. बऱ्याच बायकांचा गुडघा वजन आलं की आत, अंगठ्याकडे पडतो. तुमचाही पडत असेल तर पावलं आणखी लहान करा आणि आणखी उंच उभ्या राहा. तुमच्या गटात एखादे आजोबा खाली बसकण घेऊन एक पाय लांब सरकवत असतील. ते बघायला फार सुंदर असतं, पण तुम्ही त्या वेळी उभ्याच राहा, वजन मात्र त्यांच्याबरोबर हलवा. त्यात कमीपणा नाही. कोणताही जाणता शिक्षक तुम्हाला हेच सांगेल.

दुखण्या-दुखण्यात फरक करायला शिका. मांडीच्या पुढच्या स्नायूंत भरून येणं चांगलं. गुडघ्याच्या सांध्यात टोचणं चांगलं नाही. त्या वेळी तिथल्या तिथे उंची वाढवा, पाऊल लहान करा, तरी टोचलं तर त्या दिवसापुरतं थांबा. गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळीही कुरकुरत असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून वेळ निम्मा करा. मात्र गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री ठणकू लागला, तर मुलाला सांगून तिथल्याच डॉक्टरांना दाखवा, नाशिकला जायची वाट बघू नका. आणि पुन्हा सुरू करायच्या आधी गुडघ्याचं हे नवीन दुखणं तुमच्या डॉक्टरांना फोनवर तरी कळवा. रक्तदाबाची गोळी असेल आणि उभं राहिल्यावर गरगरत असेल, तर तेही सांगा.

झीज झालेल्या गुडघ्याला ताई-ची उपयोगी पडतं का, याचंही उत्तर आहे. बोस्टनमध्ये गुडघ्याची झीज असलेल्या २०४ लोकांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये आला. एका गटानं आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे ताई-ची केलं, दुसऱ्यानं नेहमीची फिजिओथेरपी घेतली. दुखणं आणि हालचाल दोन्हींत दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच फायदा झाला. अमेरिकेतल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी ताई-चीची ठाम शिफारस केली आहे. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, यानं परत येत नाही आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कमी होतं ते दुखणं, वाढतो तो पायांतला जोर आणि स्वतःच्या पायांवरचा भरवसा. माझ्या मते एवढं पुष्कळ आहे.

तुमचा गट कोणता क्रम करतो हे ओळखता आलं तर तुमचा गोंधळ निम्मा होईल. पुढच्या वेळी बघा : सुरुवातीला दोन्ही हात समोर खांद्यापर्यंत वर येऊन खाली जातात का? मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं तीनदा, एक हात वर आणि एक खाली उघडतो का? त्याला ‘रानघोड्याची आयाळ विंचरणं’ म्हणतात. त्यानंतर एक हात वर आणि एक मांडीजवळ, पुढचा पाय फक्त चवड्यावर, म्हणजे ‘पांढरा क्रौंच पंख पसरतो’. असं असेल तर तो २४ हालचालींचा क्रम आहे. चीनच्या सरकारी क्रीडा आयोगानं १९५६ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी तो बांधला. जुना लांब क्रम शिकायला फार वेळ लागतो, म्हणून त्यातल्या पुनरावृत्त्या काढून सोपं आधी आणि अवघड नंतर असा लावला. आज चीनमध्ये आणि चीनबाहेर नवीन माणसाला बहुतेक हाच शिकवतात. पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं लागतात. तुम्हाला तो डोंगराएवढा वाटला असेल, पण तो एवढाच आहे.

हा क्रम यांग घराण्याच्या शैलीतून घेतलेला आहे. यांग घराण्याच्या आधी चेन घराणं. ताई-चीचा माग जिथपर्यंत खात्रीनं लागतो ते चीनच्या हेनान प्रांतातल्या वेन परगण्यातलं चेनजियागोऊ नावाचं खेडं. १७ व्या शतकात तिथल्या चेन वांगटिंग या लष्करी माणसानं ही विद्या बांधली असं मानतात. कित्येक पिढ्या ती त्या घराण्यातच राहिली. मग १९ व्या शतकात यांग लुचान (१७९९–१८७२) हा बाहेरचा माणूस ती तिथे शिकला आणि त्यानं पुढे ती बेजिंगला नेली. त्याचा नातू यांग चंगफू यानं तिला आज आपण बघतो ते संथ, एकसारखं, मोकळं रूप दिलं. चेन शैलीत अजूनही मधेच झटका, पाय आपटणं, उडी असं येतं. ती अतिशय देखणी आहे, पण तुमच्या गुडघ्यानं तिच्यापासून सुरुवात करू नये. सुन लुटांग (१८६०–१९३३) यांची शैली मात्र लक्षात ठेवा. तिच्यात माणूस बराच उंच उभा असतो आणि एक पाय पुढे गेला की दुसरा त्यामागे जवळ येतो, त्यामुळे लांब पावलावर वजन धरून राहावं लागत नाही. सिडनीचे डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी ताई-चीचा जो छोटा कार्यक्रम तयार केला, तो याच सुन शैलीवर आधारलेला आहे. २४ हालचाली जड वाटल्या तर त्या कार्यक्रमाच्या शिक्षकाची चौकशी करा.

ही मुळात लढण्याची विद्या आहे, हेही माहीत असू द्या. बागेत जे ढग बाजूला सारल्यासारखं दिसतं, ते मुळात समोरून आलेला हात वळवून लावणं आहे. हे कळलं की हाताला दिशा मिळते, तो नुसता हवेत फिरत नाही. कोपर खाली, खांदा सैल, आणि हात जिथे जातो तिथे नजर. हातांबद्दल सध्या एवढंच पुरे.

यजमानांच्या प्रश्नाला उत्तर देते. योगात काहीच कमी नाही, आणि तुम्ही आसनं करत असाल तर ती मुळीच सोडू नका. पतंजलींचं सूत्र आहे, ‘स्थिरसुखमासनम्’. आसनात आपण एका स्थितीत जातो आणि तिथे स्थिर, सुखानं राहतो. वृक्षासन एका पायावर उभं राहायला शिकवतं. ताई-ची शिकवतं ते त्या पायावरून दुसऱ्या पायावर कसं जायचं ते. दोन्ही उपयोगी आहेत, आणि एकाचं काम दुसरं करत नाही. राहिला आपलं-परकं हा मुद्दा. युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१६ मध्ये योग आला आणि २०२० मध्ये त्याच यादीत ताई-ची. ज्यांनी आपलं ज्ञान सगळ्या जगापुढे ठेवलं, त्यांच्याकडून काही घेताना आपण संकोच का करावा? (बोधिधर्म या बौद्ध भिक्षूनं हे सगळं भारतातून चीनला नेलं, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. तो त्यांना पटवायला वापरू नका. ती आख्यायिका शाओलिन मठाशी जोडलेली आहे, ताई-चीशी नाही. चिनी लोकांनी कष्टानं घडवलेली गोष्ट त्यांची म्हणूनच शिकावी.) आणि यजमानांनाही खाली घेऊन जा. वजन नेण्याचा व्यायाम त्यांच्याकडून करून घ्या. त्यांनाही तो तितकाच लागतो.

लक्षात राहत नाही, याबद्दल. तुम्ही सगळ्यांच्या मागे उभ्या राहता, ही अडचण आहे. गट वळला की मागची रांग पुढची होते, आणि मग तुमच्यासमोर बघायला कोणीच उरत नाही. मधल्या रांगेत, मध्यभागी उभ्या राहा. कुठेही वळलं तरी समोर कोणीतरी असेल. ज्या बाईंनी तुम्हाला बोलावलं, त्यांच्या तिरकस मागे उभं राहिलात तर सगळ्यात उत्तम. त्यांनी आपणहून बोलावलं आहे, म्हणजे तुम्ही तिथे नको आहात असं कोणालाही वाटत नाही. नवीन माणूस चुकीच्या दिशेला तोंड करून उभा आहे हे त्यांच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी अनुभवलेलं असतं. परत जा. भाषेची अडचण असेल तर गुडघ्यावर हात ठेवून दाखवा, त्यांना कळेल. आणि संपूर्ण क्रम लक्षात ठेवायचा प्रयत्न सोडा. पायांचा पहिला महिना झाला की एका आठवड्याला एक हालचाल ‘तुमची’ करा. बाकीच्या वेळी हात खाली ठेवून फक्त त्यांच्या पायांबरोबर वजन हलवत राहा. सकाळच्या गटात बरोबर असण्याचा आनंद आणि शिकणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर दोन्ही मिळतील.

शिकण्यासाठी जवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये नवशिक्यांचा वर्ग आहे का ते मुलाला बघायला सांगा. इंग्रजीत शिकवणारे मिळतील. शिक्षक कसा ओळखायचा? तो पहिल्याच दिवशी तुमच्या गुडघ्याबद्दल, आजारांबद्दल विचारतो. तो तुमचे पाय बघतो. ‘आता वजन कुठे आहे?’ असं सारखं विचारतो. खाली बसायची जबरदस्ती करत नाही. मधुमेह बरा करून देतो, गोळ्या सोडा, असं म्हणणाऱ्याकडे एक दिवसही थांबू नका.

चिनी परंपरेत जिला ‘ची’ म्हणतात ती प्राणशक्ती मानायची की नाही, श्वास कधी घ्यायचा, यात सध्या पडू नका. नाकानं, सहज, न रोखता श्वास घ्या. बाकीचं पुढे शिक्षक सांगतील.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जॉगिंगचे जाड, मऊ तळव्यांचे बूट नकोत, त्यात पायाला जमीन कळत नाही आणि पाऊल डुगडुगतं. पातळ, सपाट, सहज वळणारा तळवा असलेले कापडी बूट घ्या. योगासनांची रबरी चटई याला अजिबात वापरू नका. पाऊल तिला चिकटतं, फिरवताना सुटत नाही आणि तो पीळ पुन्हा गुडघ्यावर जातो. ओल्या फरशीवर करू नका. सिंगापूरला पाऊस केव्हाही येतो आणि सकाळी सातच्या आधी नीट उजाडतही नाही, म्हणून अंधारात गवतावर न करता सपाट, कोरड्या जागी करा. रोज पंधरा मिनिटं करा. रविवारी एकदम तासभर केल्यानं ते भरून येत नाही.

नाशिकला परत गेल्यावर व्हिडिओवरून जमेल का, असं विचारलंत. आधी माणसाकडून पाय शिकलात तर जमेल. नुसत्या व्हिडिओवरून सुरुवात केलीत तर पडदा तुमची चूक दाखवणार नाही, आणि गुडघा चुकतोय हे तुम्हाला दुखायला लागल्यावरच कळेल. म्हणून हे तीन महिने पायांसाठी आणि पहिल्या सात-आठ हालचालींसाठी वापरा, म्हणजे गेल्यावर व्हिडिओ आठवण करून द्यायला पुरेल. व्हिडिओ पाठमोऱ्या शिक्षकाचा निवडा. समोरून घेतलेल्यात डावं-उजवं उलटं होतं आणि सगळा गोंधळ पुन्हा सुरू होतो. ऑनलाइन वर्ग घ्यायचा झाला, तर ज्यात शिक्षक तुम्हाला बघू शकतो असाच घ्या, आणि कॅमेरा असा ठेवा की तुमचे पाय दिसतील. बरेच जण चेहरा दाखवतात. महिन्यातून एकदा यजमानांकडून स्वतःचं बाजूनं चित्रीकरण करून घ्या, आणि गुडघा बोटांच्या पुढे जातो का एवढंच त्यात बघा. जागा म्हणाल तर तुमच्या इमारतीची गच्ची पुरेल, किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ सकाळी जागा मिळेल. पावसाळ्यात घरातच करा. २४ हालचालींपैकी पहिल्या काही दिवाणखान्यातही मावतात.

आणि बागेतल्या त्या बाईंना विचारा, पूर्ण क्रम मला पाठमोऱ्या राहून, सावकाश करून दाखवाल का, मी मोबाइलवर घेऊन ठेवते. हे निघायच्या आदल्या दिवशी विचारू नका, आत्ताच विचारून ठेवा. त्यांनाही एखादी बिनपावसाची, मोकळी सकाळ बघावी लागेल.